मीरा मोटार: हुन्नर होता, कारखाना झाला नाही

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव येते आणि पुढे पिरंगुटचे कारखाने. अशा रस्त्यांवरील गॅरेजांत डेंटिंग, पेंटिंग, लेथकाम आणि सीटकाम करणारे आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. एखादे दिवशी त्यांच्या दारात पन्नास वर्षांपूर्वीची मोटार उभी राहते. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसिडर असेल तर जुन्या बाजारात सुटे भाग मिळतात. पण जिचे उत्पादनच कधी झाले नाही, अशी एखादी नमुना गाडी आली तर? आपल्या महाराष्ट्रातच अशी गाडी घडली आहे. तिचे नाव मीरा.

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे यंत्रमागाचे गाव. तेथे पहिला यंत्रमाग 1904 साली आला आणि त्यामागोमाग दुरुस्तीची कारागिरीही वाढली. याच गावात शंकरराव कुलकर्णी यांनी अभियांत्रिकीची पदवी नसताना छोटी मोटार बनवली. 1949 साली दोन आसनांचा पहिला नमुना तयार झाला. पुढे सत्तरच्या दशकापर्यंत ते नवनवे नमुने घडवत राहिले. इंजिन मागे बसवले आणि पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी रबराचा उपयोग केला. भाग कमी, म्हणून खर्च कमी, हा त्यांचा हिशेब होता. सुमारे 12,000 रुपयांत सामान्य माणसाला मोटार देण्याचा त्यांचा इरादा होता.

मात्र कारखाना उभा राहिला नाही. 1951 च्या उद्योग कायद्यामुळे मोटार उत्पादनाला केंद्र सरकारचा परवाना लागत असे. पुढे 14 डिसेंबर 1983 रोजी सरकारी भागीदारीतील मारुती 800 रस्त्यावर आली. मोटार उद्योगावरील परवान्याचे बंधन 1993 साली उठले, तोवर मीराचा काळ सरला होता.

अशा गाडीच्या जीर्णोद्धारात आमच्या मते कारागिराने चार गोष्टी पाळाव्यात. एक, स्क्रू काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्यावेत आणि प्रत्येक भागाला चिठ्ठी लावावी. दोन, सडलेला पत्रा कापण्याआधी चांगल्या भागावरून पुठ्ठ्याचा फर्मा घ्यावा. मात्र हाताने ठोकलेल्या बॉडीची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. ती सारखी करण्याच्या नादात मूळ काम पुसू नये. तीन, कडक झालेले रबर फेकू नये, त्याच्या मापाने आणि त्याच जाडीचे नवे बनवून घ्यावे. चार, काढलेला प्रत्येक जुना भाग मालकाला परत द्यावा.

कायद्याचीही माहिती हवी. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, तर फेरनोंदणीची 5,000 रुपये आहे. चॅसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवे. म्हणजे हौसेने दुसरे इंजिन बसवणारा मिस्त्री मालकाची नोंदणीच धोक्यात आणतो. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली आणि देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर काढता येते.

शेवटी सचोटीचा प्रश्न. जुन्या मोटारीची किंमत तिच्या अस्सलपणात असते. नवा भाग जुना म्हणून खपवणे हा मालातील दोष लपवणेच आहे, आणि आपल्या दीनमध्ये त्याला मुभा नाही. म्हणून मूळ काय आणि नवे काय, ते बिलावर स्वच्छ लिहावे.

मीराचा धडा असा की, नुसत्या हुन्नराने कारखाना होत नाही. त्याला परवाना, भांडवल आणि भागीदार लागतात. पण हुन्नराची नोंद ठेवणे तर आपल्या हाती आहे. आपल्या वडीलधाऱ्या मिस्त्रींनी कोणत्या गाड्या कशा घडवल्या, ते आजच वहीत उतरवून घ्या. उद्या विचारायचे म्हटले तर सांगणारा असेलच असे नाही.