खड्यापेक्षा भिंत महत्त्वाची

पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर बऱ्याच ठिकाणी नातेवाइकांच्या हातात एक छोटी बाटली दिली जाते. आत खडे असतात, पिवळट, तपकिरी किंवा काळे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवले जातात आणि आजाराचा विषय तिथेच संपतो. पेशींचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र खड्यात जितका रस असतो, त्याहून जास्त तो ज्या भिंतीआड वाढला त्या भिंतीत असतो. खडा का झाला, टायफॉइडचे जंतू वर्षानुवर्षं कुठे दडून बसतात, कर्करोग कसा सुरू होतो, या सगळ्या प्रश्नांची वाट पित्ताशयाच्या अस्तरातून जाते.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशयात मावतो तो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. तरीही भागतं, कारण पित्ताशय त्यातलं पाणी शोषून घेतं आणि पित्तरस पाच ते दहा पट घट्ट करतं. हे काम करतो उभट पेशींचा एकच थर. या पेशी ऊर्जा खर्च करून सोडियम बाहेर फेकतात, क्लोराइड त्याच्या मागोमाग जातं आणि या क्षारांच्या ओढीने पाणीही निघतं. पाणी नेमकं कुठून जातं, हे कोडं केंब्रिजमध्ये डॉक्टरेट करणाऱ्या जॅरेड डायमंड यांनी हाती घेतलं होतं. दोन शेजारी पेशींमधल्या अरुंद फटीत क्षार साठतात आणि तिथेच पाणी ओढलं जातं, असा सिद्धांत त्यांनी १९६७ मध्ये बॉसर्ट यांच्यासह मांडला. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण पातळ पडद्यातून पाणी कसं सरकतं याचा विचार त्यानंतर फटींना वगळून करता आला नाही. ‘गन्स, जर्म्स अँड स्टील’ लिहिणारे डायमंड ते हेच.

आता खड्याकडे. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन हा चरबीसारखा पदार्थ सोबत असले, तरच ते पित्तरसात विरघळून राहतं. तिघांचं प्रमाण किती असावं, हे अॅडमिरँड आणि स्मॉल यांनी १९६८ मध्ये एका त्रिकोणी आलेखात दाखवलं. यकृताच्या पेशींमधली दोन प्रथिनं मिळून कोलेस्टेरॉल पित्तरसात ढकलतात. त्यांपैकी एकाच्या जनुकातला एक बदल खड्यांचा धोका वाढवतो, हे २००७ मध्ये समजलं. पण कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या प्रत्येकाला खडे होत नाहीत. स्फटिक जमायला जागा आणि सवड लागते, आणि ती भिंत देते. अस्तरातल्या पेशी जास्त चिकट स्राव सोडू लागल्या की स्फटिक त्यात अडकतात. तुपा-तेलाचं जेवण झाल्यावर कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक पित्ताशयाला आकुंचन पावायला सांगतं. पण भिंतीतल्या स्नायूपेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल मुरलं असेल, तर हा निरोप नीट पोचत नाही आणि पित्तरस आतच तुंबून राहतो. २०१९ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगनच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक दुवा जोडला. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आपल्या डीएनएचे धागे बाहेर टाकून जाळं विणतात. त्याच जाळ्यात स्फटिक एकमेकांना चिकटतात आणि खडा वाढत जातो.

भिंतीची गोष्ट खड्यांपाशीच थांबत नाही. टायफॉइडचे जंतू खड्यांवर चिकट थर करून राहतात. या थरावर औषधांचा फारसा परिणाम होत नाही, आणि लक्षणं नसलेला माणूसही रोग पसरवत राहतो. मेक्सिको सिटीतल्या अशा वाहक रुग्णांच्या खड्यांवर हा थर प्रत्यक्ष दिसल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पित्ताशयाच्या पेशींना साल्मोनेलाचा, म्हणजे टायफॉइडचे जंतू ज्या गटातले त्या जंतूंचा, संसर्ग घडवला. ज्या पेशींच्या जनुकांत आधीच बिघाड होता, त्या कर्करोगासारख्या बेबंद वाढू लागल्या आणि जंतू मारल्यानंतरही थांबल्या नाहीत. म्हणजे जंतू एकटा पुरत नाही, पण बिघडलेल्या पेशीला तो पुढे ढकलू शकतो.

भारतात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग जास्त आढळतो आणि त्यात बायकांचं प्रमाण मोठं आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने भारतीय रुग्णांच्या जनुकांची पाहणी करून २०१७ मध्ये सातव्या गुणसूत्रावरचा एक भाग या रोगाशी जोडून दाखवला. त्या भागातलं एक जनुक पित्तरसात लेसिथिन पोचवण्याचं काम करतं. पित्तक्षार भांड्याच्या साबणासारखे चरबी सोडवतात. पेशीचं आवरणही चरबीचंच असतं. लेसिथिन सोबत असेल तर त्यांचा मारा सौम्य होतो, ते कमी पडलं तर अस्तर सोलवटू शकतं. खडे असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हे इथे ठळकपणे सांगायला हवं. पण काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजी तपासणीला पाठवणं आणि रिपोर्ट मागून घेणं यात हयगय नको. काही रुग्णांचा कर्करोग पहिल्यांदा कळतो तो त्याच रिपोर्टमधून.

अस्तराची दुसरी बाजू २०२१ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगातून समोर आली. फोटिओस सँपाझिओटिस, लुडोविक वॅलिए आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पित्ताशयातल्या पेशी घेऊन त्यांचे ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवाचे सूक्ष्म नमुने, वाढवले. प्रत्यारोपणाला नाकारलेली माणसाची यकृतं शरीराइतक्या तापमानाला, रक्तपुरवठा देऊन यंत्रावर १०० तासांपर्यंत जिवंत ठेवली होती. त्यांच्या पित्तनलिकांत या पेशी सोडल्या. त्या तिथे रुजल्या, नलिकांची दुरुस्ती झाली आणि पित्तरसाचा दर्जा सुधारला. मुख्य म्हणजे पित्ताशयातून आलेल्या पेशींनी आपला जुना स्वभाव सोडून यकृतातल्या बारीक नलिकांच्या पेशींचा स्वभाव घेतला.

प्रत्यारोपणानंतर यकृत निकामी होण्यामागे पित्तनलिकांची खराबी हे एक मोठं कारण असतं. त्यामुळे आज नाकारली जाणारी काही यकृतं उद्या वापरता येतील, ही आशा निराधार नाही. मात्र यंत्रावरच्या यकृतात चार दिवस टिकलेली पेशी रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षं सुरक्षित राहते का, हे दाखवून द्यावं लागेल. सोपं नाही ते, कारण पित्ताशयाची पेशी आजूबाजूला जे आहे त्याप्रमाणे बदलते. हाच गुण यकृताची नलिका सांधतो आणि खडे, जंतू, दाह यांच्या सहवासात हाच गुण अंगाशीही येतो. पुढच्या संशोधनाला या गुणाचा फायदा वापरायचा आहे आणि धोका आवरायचा आहे.