बोट धक्का सोडण्याआधी

तीन-साडेतीन महिन्यांच्या जलप्रवासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस पहिला, आणि त्या दिवसातलेही बोट धक्का सोडण्याआधीचे तास. मी हे प्रवासी म्हणून सांगत नाही. माझं कामाचं सगळं आयुष्य क्रूझवर केबिन स्टुअर्ड म्हणून गेलं. वेंगुर्ल्याहून मुंबई, मुंबईहून विमानाने लंडन आणि तिथून बसने साउदॅम्प्टनचा धक्का, हा माझा कामावर जायचा रस्ता. हल्ली आपल्याकडची मंडळीही निवृत्तीनंतर लांबच्या क्रूझचा बेत करतात आणि निघण्याआधी मला फोन करतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

साउदॅम्प्टन हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. १९१२च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक इथूनच निघाली. इथल्या भरतीची तऱ्हा वेगळी आहे. पाणी चढल्यावर लगेच ओसरत नाही, बराच वेळ भरलेलं राहतं. मोठ्या बोटींना त्याचा फार उपयोग होतो. २००४ साली सेवेत आलेली ३४५ मीटर लांबीची क्वीन मेरी २ इथूनच ये-जा करते. तीन-साडेतीन महिन्यांच्या जगप्रदक्षिणेच्या बोटी बहुधा जानेवारीत निघतात. उत्तरेत कडाक्याची थंडी असते तेव्हा त्या दक्षिणेच्या उन्हाळ्यात पोहोचतात आणि वसंतात परततात. प्रवाशांना घेऊन अशी पहिली मानली जाणारी जगप्रदक्षिणा ‘लॅकोनिया’ या बोटीने १९२२ साली न्यूयॉर्कहून सुरू केली. पनामा आणि सुएझ हे दोन्ही कालवे तोवर खुले झालेले होते.

प्रवाशाला दुपारी दिसते ती चकचकीत, शांत बोट. सकाळी तिथे काय चाललेलं असतं, ते त्याला ठाऊक नसतं. त्याच दिवशी पहाटे ती बोट आधीची सफर संपवून धक्क्याला लागते. नाश्ता झाला की जुनी माणसं उतरतात आणि दुपारी नवी चढू लागतात. मधल्या चार-पाच तासांत माझ्या वाट्याच्या सगळ्या केबिनमधल्या चादरी, टॉवेल बदलायचे, न्हाणीघरं घासायची, सामान्य माणसाच्या नजरेला न दिसणारा केसही उचलायचा. खालच्या मजल्यावर बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा लांब बोळ असतो. प्रवासी तिथे कधी येत नाहीत. त्या बोळातून फोर्कलिफ्ट भाज्यांचे, दुधाचे, पिठाचे ढीग नेत असतात. बाहेरच्या बाजूला तेलाची बार्ज बोटीला चिकटून इंधन भरते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी कोकणातल्या घरात असते तशी ती धांदल. मात्र सगळं धान्य-भाजी एकदम भरत नाहीत, वाटेतल्या बंदरांत ताजा माल चढतो. पिण्याचं पाणीही बरंचसं बोटीवरच समुद्राच्या पाण्यापासून तयार होतं.

आता प्रवाशाची बाजू. केबिनचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लावून मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दारातच हमालांकडे द्यायच्या. त्या एक्स-रेमधून जातात आणि केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. म्हणून रोजची औषधं, चष्मा, पासपोर्ट, एक जोड कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत राहिल्यामुळे माझ्याकडे धावत आलेली वयस्कर माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. औषधं पूर्ण सफरीला पुरतील एवढी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्या. इस्त्री, पाण्याची इलेक्ट्रिक किटली, मेणबत्त्या किंवा देवापुढे लावायचा दिवा नेऊ नका. तपासणीत या वस्तू काढून घेतात, आणि ते योग्यच आहे. भर समुद्रात अग्निशमन दलाची गाडी येत नाही. लागलेली आग बोटीवरच्या माणसांनीच विझवायची असते.

त्यानंतर कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी इथे फार काळजी घ्यावी. एकदा मी एक केबिन तयार करून ठेवली, टॉवेल घडी करून मांडले, टेबलावर फळं ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत कुणी आलंच नाही. नंतर कळलं, की त्या जोडप्याचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणारा व्हिसा, एकदाच प्रवेशाचा होता. बोट युरोपातून बाहेर पडून परतीच्या वाटेवर पुन्हा तिथल्या बंदरांत जाणार होती. काउंटरवरूनच त्यांना मागे फिरावं लागलं. ती केबिन आवरताना माझे हात जड झाले होते. तेव्हा बोट जिथे जिथे लागणार त्या प्रत्येक देशाची यादी करा. किती वेळा प्रवेश आहे, कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते पाहा. परत साउदॅम्प्टनलाच उतरायचं असेल, तर ब्रिटनचा व्हिसा त्या दिवशीही चालू हवा. पासपोर्ट परतल्यानंतरही सहा महिने वैध असावा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांना बोट लागणार असेल, तर सरकारमान्य केंद्रावर लस घेऊन प्रमाणपत्र सोबत ठेवा. ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. प्रमाणपत्राशिवाय त्या देशांतून भारतात आलं, तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

कागद तपासून झाले की फोटो काढतात आणि एक कार्ड देतात. केबिनची किल्ली तेच आणि बोटीवरच्या खर्चाचं खातंही तेच. गँगवेवर, म्हणजे बोटीत चढायच्या पुलावर, ते यंत्राला लावलं की पहारेकऱ्याच्या पडद्यावर तुमचा चेहरा येतो. या घडीला बोटीवर नेमकी किती माणसं आहेत आणि कोण, हे कॅप्टनला कळण्याचा मार्ग हाच. कार्डावर एक अक्षर किंवा आकडाही असतो. तो तुमच्या मस्टर स्टेशनचा, म्हणजे संकटकाळी जमायच्या जागेचा.

माझ्या मते पहिल्या दिवसाचा गाभा या मस्टरमध्ये आहे. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ बोट खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिविताव्हेकिया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची मस्टर ड्रिल, म्हणजे स्टेशनवर जमण्याचा सराव, झालेलीच नव्हती. त्या वेळचा नियम या ड्रिलसाठी चोवीस तासांची मुभा देत होता. तो बदलला. २०१५पासून ही ड्रिल बोट निघण्याआधी किंवा निघाल्याबरोबर घ्यावीच लागते. त्या अपघातातला सर्वांत शेवटी, २०१४च्या नोव्हेंबरमध्ये सापडलेला मृतदेह मुंबईकडच्या एका वेटरचा होता. प्रवाशांना मदत करता करता तो गेला, असं त्याच्या बरोबरीचे सांगतात. आम्हा बोटीवरच्या माणसांना त्याचा विसर पडलेला नाही.

सात छोटे भोंगे आणि मागोमाग एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की लिफ्टने जायचं नाही. गरम कपडे आणि औषधं घेऊन जिन्याने स्टेशनवर जायचं. काही बोटींवर लाइफ जॅकेट केबिनमध्ये असतं, काहींवर स्टेशनवरच देतात. लाइफबोटी भरून पाण्यात सोडायला नियमाने जास्तीत जास्त तीस मिनिटं धरलेली असतात, पण माणसं स्टेशनवर जमली असतील तरच हे गणित बसतं. अलीकडे बऱ्याच बोटींवर सुरक्षेची फिल्म आधी फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर पाहायची आणि मग स्टेशनवर जाऊन हजेरी लावायची, अशी सोय आहे. फिल्म सुरू ठेवून बॅगा उघडत बसू नका.

त्याच पहिल्या दिवशी आम्हा कर्मचाऱ्यांतलेही अनेक जण नव्याने चढलेले असतात. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या स्टुअर्ड म्हणून राबली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीचीही आहेत. सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि सुरक्षा प्रशिक्षणाचे दाखले घेऊन, घरच्यांचा निरोप घेऊन ती सहा-आठ महिन्यांसाठी येतात. आग विझवणं, समुद्रात जीव वाचवणं हे शिकल्याशिवाय आम्हाला चादर बदलण्याच्या कामावरही घेत नाहीत.

संध्याकाळी दोर सुटतात. बंदराचा पायलट बोट खाडीतून बाहेर काढतो आणि काम संपलं की बाजूला आलेल्या छोट्या बोटीत दोरशिडीने उतरतो. पुढे बिस्केचा उपसागर लागतो. हिवाळ्यात तो खवळलेला असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी बुकिंग करतानाच मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात.

माझं सांगणं एवढंच. क्रूझचं तिकीट काढलं असेल, तर व्हिसाच्या तारखा आजच एका कागदावर उतरवा. आणि बोटीवर पाऊल ठेवलं की जेवणाच्या हॉलकडे वळण्याआधी केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत एकदा जिन्याने स्वतः चालून या. त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि ती वाट पायाखालची झाली की पुढच्या शंभर रात्री निर्धास्त झोप लागते.