ध्रुवीय रात्रीतले क्रिलचे डोळे

क्रिल : कोळंबीसारखा दिसणारा, पण वेगळ्या गणातला कवचधारी सागरी जीव. अंटार्क्टिक क्रिल सुमारे ६ सेंटिमीटर वाढतो. आर्क्टिकमधला थायसॅनोएसा इनर्मिस साधारण त्याच्या निम्मा.

डोळा : काळाभोर, संयुक्त, आखूड देठावर बसलेला. अनेक भिंगांतून आलेला प्रकाश एकाच जागी जमतो, त्यामुळे अंधुक उजेडातही भागते.

ध्रुवीय रात्र : स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड या खाडीत (सुमारे ७९° उत्तर) ऑक्टोबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. २१ डिसेंबरला तो भरदुपारीही क्षितिजाखाली १२ अंशांहून खोल असतो. आकाशाची एक कड तेवढी किंचित उजळते.

दैनिक लय : सुमारे २४ तासांचे आवर्तन. ते बाहेरच्या उजेडाला दिलेली निव्वळ प्रतिक्रिया असेल, तर अखंड अंधारात थांबते; शरीरातल्या घड्याळावर चालत असेल, तर काही काळ तरी चालूच राहते.

क्रिलमध्ये काय आढळले : २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काँग्सफ्योर्डमधल्या क्रिलच्या डोळ्यांचा प्रकाशाला मिळणारा विद्युत प्रतिसाद मोजला गेला. प्राणी अंधारात ठेवलेले असतानाही रात्रीच्या तासांत डोळ्यांची संवेदनशीलता वाढली. म्हणजे घड्याळ आतले. ते रोज जुळवून घ्यायला दुपारचा तो पुसट संधिप्रकाश पुरतो.

उभे स्थलांतर : क्रिलची आणखी एक दैनिक लय; रात्री अन्नासाठी वर येणे, दिवसा शिकाऱ्यांपासून लपायला खोल जाणे.