बोटीतली दुसरी बॅटरी



१९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे सरकत दौंड तालुक्यापर्यंत आलं. आज त्याच पाण्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठाला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पुण्याहून पाहुणे येतात. मासेमारी करणाऱ्या घरांतले पुरुष त्यांना बोटीतून फिरवतात, आणि चुलीवर माशाचं जेवण आपण करतो. म्हणजे बोट एकट्या नावाड्याची नसते, सगळ्या घराची असते. म्हणून तिच्यात दुसरी बॅटरी कशी बसवायची, हे आज आपण समजून घेऊ. आपल्या शिरूरला घोड धरणाच्या पाण्यावर कुणाची बोट असेल, तर तिलाही हेच लागू आहे.

आता दुसरी बॅटरी कशाला? ट्रॅक्टरवर रात्रभर टेप चालू राहिला, तर सकाळी ट्रॅक्टरला धक्का मारावा लागतो. पाण्याच्या मधोमध बोटीला धक्का कोण मारणार? हल्ली बोटीत पाहुण्यांचे मोबाईल चार्ज होतात, पहाटे दिवा लागतो, तळाला साचलेलं पाणी उपसायला छोटा पंप असतो. हे सगळं इंजिन चालू करायच्या बॅटरीवर टाकलं, तर ऐन वेळी इंजिन नुसतं टकटक करतं.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी इंदापूरच्या कळाशी आणि करमाळ्याच्या कुगावमधल्या पाण्यात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटली आणि सहा जण बुडाले. तशा वाऱ्यात कुठलीही बॅटरी वाचवत नाही. तिथे लाइफ जॅकेट हवं, आणि आभाळ भरलं तर बोट न काढण्याचं शहाणपण हवं. पण वारा उठायच्या आधी काठ गाठायचा, तर इंजिन पहिल्या झटक्याला चालू झालं पाहिजे. म्हणून नियम एकच: इंजिनाच्या बॅटरीला इंजिनाशिवाय कुणी हात लावायचा नाही. बाकी सगळं दुसऱ्या बॅटरीवर. इंजिन दोरी ओढून चालू होणारं असेल, तर बोटीत ही एकच बॅटरी लागेल.

बॅटरी केवढी घ्यायची, हा हिशेब किराण्यासारखाच आहे. दहा वॉटचा दिवा दोन तास, झाले २० वॉट-तास. तीन मोबाईल, प्रत्येकी दहा वॉट, दोन तास, झाले ६०. चाळीस वॉटचा पंप अर्धा तास, झाले २०. एकूण १००. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून १०० ला १२ ने भागायचं. आले सव्वाआठ अँपिअर-तास. बॅटरीवर ‘एएच’ लिहिलेलं असतं, तोच हा आकडा. पण शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली की ती लवकर मरते, म्हणून दुप्पट धरा: सतरा. शिवाय ढगाळ दिवसासाठी थोडी शिल्लक ठेवा. २६ एएचची बॅटरी घेतली की भागेल.

दुकानात सांगताना दोन गोष्टी सांगा. एक, सीलबंद द्या, म्हणजे बोट हलली तरी आम्ल सांडणार नाही. दुसरी, इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी हळूहळू आणि खोलवर वापरायची द्या. इंजिनाची बॅटरी क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते. ती रोज निम्मी रिकामी केली तर टिकत नाही.

भरायची कशी? इंजिनावरून दोन्ही बॅटऱ्या भरता येतात, पण त्याला मधे खास रिले लागतो, आणि छोट्या इंजिनाचं चार्जिंग बेताचंच असतं. पहिल्यांदा करताय, तर दुसरी बॅटरी पूर्ण वेगळी ठेवा आणि ५० वॉटचं सोलर पॅनेल छतावर बसवा. आपल्याकडच्या उन्हात दिवसाचे १०० वॉट-तास आरामात निघतात. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, नाहीतर बॅटरी जास्त भरून खराब होईल. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. घरच्या विजेवर भरायची वेळ आली, तर बॅटरी उचलून घरी आणा. काठावरून बोटीत २३० व्होल्टची वायर कधीही ओढू नका.

आता बसवणं. हात घालण्याआधी बांगड्या, अंगठ्या आणि मंगळसूत्र काढून ठेवा, पदर खोचून घ्या. १२ व्होल्टचा शॉक जाणवत नाही, हे खरं. पण प्लस आणि मायनसमध्ये धातूची बांगडी अडकली, तर ती क्षणात लाल होते आणि हात भाजतो.

बॅटरी बोटीच्या मधोमध, खाली ठेवा. वजन एका बाजूला नको. झाकणाच्या प्लास्टिक पेटीत घालून पट्ट्याने आवळून बांधा. पेटीला वर भोकं हवीत, कारण भरताना बॅटरीतून पेट घेणारा हलका वायू निघू शकतो आणि तो वर जातो. पेट्रोलची वाफ उलट जड, ती तळाला साचते. म्हणून पेट्रोलची टाकी बॅटरीपासून लांबच ठेवा.

प्लसच्या वायरवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज लावा. वर हिशेब केलेल्या वापरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरेल. वायर कुठे घासून उघडी पडली, तर फ्यूज जाईल, बोट पेटणार नाही. फ्यूज जळाला म्हणून त्या जागी तार गुंडाळू नका. त्याच्या पुढे एक स्विच लावा, म्हणजे संध्याकाळी सगळं एका बोटाने बंद होईल.

ट्रॅक्टरला मायनस चेसिसला जोडतात. पत्र्याच्या बोटीला तसं करू नका. ओल्या पत्र्यातून करंट फिरला की पत्रा खायला लागतो. प्रत्येक दिव्याला आणि पंपाला प्लस आणि मायनस अशा दोन्ही वायरी न्या. टोकाला लग दाबून बसवा, नुसती पिळलेली वायर हादऱ्याने सुटते. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. काढताना आधी मायनस.

एक मल्टिमीटर घरात असू द्या. सगळं बंद करून तासाभराने मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आज मोबाईल चार्जिंग बंद. पावसाळ्यात बोट काठाला लागली की बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा भरा. रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुढच्या हंगामाला उठत नाही. आणि जुनी झालेली बॅटरी पाण्यात किंवा भंगाराच्या ढिगात टाकू नका, आत शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तिचे पैसेही वजा होतात.

बसवून झालं की पाहुणे घेण्याआधी काठालाच एक परीक्षा घ्या. दिवा, पंप, मोबाईल सगळं दोन तास चालू ठेवा, आणि मग इंजिन चालू करा. पहिल्या झटक्याला लागलं, तर काम नीट झालं. तरीही बोटीत वल्हं, प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट आणि हातातली एक बॅटरी असू द्या.