बिबट्याचे पिल्लू नव्हे, ती वाघाटी

ऊसतोडीचा कोयता चालता चालता मध्येच थांबतो. पाचटाखाली ठिपकेवाली दोन-तीन पिल्ले एकमेकांना चिकटून पडलेली असतात. ‘बिबट्याची पिल्लं!’ अशी आरोळी उठते, टोळी फडाबाहेर पळते, तोडणी बंद पडते आणि तासाभरात फोटो गावभर फिरतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्याला हा प्रसंग नवा नाही. मात्र अशी सगळीच पिल्ले बिबट्याची नसतात. काही वाघाटीची असतात.

वाघाटी म्हटले की अनेकांना आषाढी द्वादशीच्या ताटातली वाघाटीची भाजी आठवते. ही वाघाटी वेगळी. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन एक ते दीड किलोच्या आसपास, म्हणजे घरच्या मांजरीहूनही कमी. बिबट्याचे नुकते जन्मलेले पिल्लूच अर्ध्या किलोच्या घरात असते. वाघाटीचे पिल्लू तळहातावर मावते. अंगावरचे ठिपके काळे नसतात, लोखंडाच्या गंजासारखे तांबूस असतात आणि पाठीवर ओळींनी उमटलेले दिसतात. कपाळावर गडद उभ्या रेघा, डोळ्यांच्या आतल्या कडेने वर गेलेले पांढरे पट्टे, कान लहान आणि गोलसर. एवढे पाहिले तरी घोटाळा बराचसा टळतो.

ही मांजर शेळ्या-वासरांवर पडते, ही भीतीही निराधार आहे. उंदीर, लहान पक्षी, सरडे, बेडूक, किडे हे तिचे खाणे. कधी कोंबडी उचलेल, पण शेतातले उंदीर मारणारी ही शिकारीण शेतकऱ्याच्या उपयोगाची आहे.

दुसरा गैरसमज अभ्यासकांचाही होता. 1831 साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रुआ सेंत-हिलेर यांनी पुदुच्चेरीच्या नमुन्यावरून या मांजरीचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर दीर्घ काळ दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढाच तिचा मुलूख मानला गेला. पुढे गुजरातेतल्या गीरमधून आणि विदर्भातल्या ताडोबातून नोंदी आल्या. 2012 साली ती उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतच्या तराईत कॅमेऱ्यात सापडली, 2016 मध्ये नेपाळच्या बर्दिया राष्ट्रीय उद्यानात. तिचा मुलूख इतक्या वर्षांत एकदम पसरला असे मानण्यापेक्षा, आपली नजर तिथवर पोचायला वेळ लागला असेच म्हणावे लागते. ती रात्री हिंडते, आकाराने चिमुकली आहे आणि कॅमेरे बहुधा वाघ-बिबट्यांच्या शोधात जंगलातच लावले जात.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मात्र कॅमेरे लागले ते शेतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2013 साली ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा, जंगल नसलेल्या शेतीपट्ट्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकीच तरसे असल्याचा अंदाज निघाला. त्याच पट्ट्यात कोल्हा, खोकड, रानमांजर यांच्यासोबत वाघाटीचीही नोंद झाली. पश्चिम महाराष्ट्राच्या शेतशिवारात तिची वीणही होते. भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवराकाठी ऊस उभा राहिला. वर्षभर फारसा न हलवला जाणारा हा फड, दाट आडोसा आणि भरपूर उंदीर. वाघाटीला आणखी काय हवे?

म्हणून ती सुरक्षित आहे असे मात्र नाही. तोडणी होताच तिचे घर एका दिवसात नाहीसे होते. पेटवलेले पाचट, मोकाट कुत्री आणि रस्त्यावरची वाहने यांतून निसटणे तिला अवघड जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे, म्हणजे कायद्याने तिला वाघाइतकेच संरक्षण आहे. पिल्लू घरी नेऊन पाळणे हा गुन्हा ठरतो.

सर्वांत घातक समजूत अशी, की माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते. वन विभाग आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्रातील वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे पथक अशी पिल्ले तपासून, खोक्यात घालून, सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवते आणि कॅमेरा लावून लांब थांबते. अंधार पडला की आई येते, एकेक पिल्लू मानगुटीला धरून उचलते आणि शेजारच्या उभ्या उसात शिरते.

तेव्हा फडात पिल्लू दिसले तर त्याला उचलू नका, दूध पाजू नका, फोटोसाठी गर्दी करू नका. तेवढ्या भागातली तोड थांबवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.