छायेचा उंबरठा : नेमबाजीचा क्रोनोग्राफ आणि बदलता प्रकाश

ठाण्याचे नेमबाज रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत दहा मीटर एअर रायफल या प्रकारात सुवर्णपदक मिळविले. ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरातील वाचकास या खेळाचे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. रायफलमधून छरा दर वेळी एकाच वेगाने सुटतो की नाही, हे पाहण्यासाठी क्रोनोग्राफ नावाचे एक लहानसे यंत्र वापरतात. या यंत्राचा आकडा प्रकाशाबरोबर का बदलतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास या विषयाशी काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे; तिचे समाधान शेवटी होईल.

‘क्रोनोग्राफ’ या ग्रीक घटकांपासून बनलेल्या शब्दाचा अर्थ ‘काळ लिहिणारा’ असा आहे, आणि तो अगदी यथार्थ आहे. हे यंत्र वेग मोजीत नाही. ते काळ मोजते आणि वेग हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गोळीचा वेग काढण्यासाठी लंबकाचा उपयोग केला होता. गोळीच्या आघाताने लंबक किती मागे सरतो, यावरून तो वेगाचे गणित करी. आजच्या प्रकाशाधिष्ठित क्रोनोग्राफमध्ये आघाताची जागा छायेने घेतली आहे. ठराविक अंतरावर दोन प्रकाशसंवेदक आकाशाकडे तोंड करून बसविलेले असतात. छरा पहिल्यावरून जाताना क्षणभर प्रकाश कमी होतो आणि घड्याळ सुरू होते; दुसऱ्यावरून जाताना ते थांबते. संवेदकांतील अंतर ३० सेंटिमीटर आणि छऱ्याचा वेग सेकंदास १७० मीटर असेल, तर या दोन घटनांमध्ये सुमारे १.७६ मिलिसेकंद एवढाच काळ जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. यंत्राला छरा दिसत नाही. त्याला केवळ प्रकाशातील घट कळते. ही घट एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे जणू एक उंबरठा ओलांडला गेला, तरच यंत्र तिची नोंद घेते. दोन्ही संवेदकांवर सारखा प्रकाश असेल, तर उंबरठा छऱ्याच्या एकाच भागापाशी ओलांडला जातो आणि चूक उरत नाही. परंतु एक संवेदक उन्हात आणि दुसरा छपराच्या सावलीत असेल, तर पहिला छऱ्याच्या टोकाने जागा होईल आणि दुसरा कदाचित शेपटीने. छऱ्याची लांबी ६ मिलिमीटर धरली, तर ३०० ऐवजी ३०६ मिलिमीटरचा काळ मोजला जाईल व १७० च्या जागी १६६.७ हा आकडा उमटेल. क्रम उलटला तर तोच आकडा १७३.५ होईल. रायफल तीच, छरे तेच. तरीही जवळजवळ सात मीटरांचा फरक! अशा वेळी नेमबाज निर्दोष रायफलच्या दुरुस्तीस लागतो.

आपल्या परिसरात प्रकाशाच्या तऱ्हाही अनेक. ठाणे-कल्याणचा अक्षांश सुमारे १९.२ अंश उत्तर असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. मेमधील निरभ्र दुपारी तो थेट संवेदकांत डोकावतो आणि त्या झगझगाटात छऱ्याची छाया हरवून जाते. यास्तव संवेदकांवर दुधी रंगाचे अर्धपारदर्शक पडदे उभारतात. पावसाळ्यातील एकसारखे ढगाळ आकाश हे स्वतःच असा पडदा असते. तेथे अडचण येते ती प्रकाश फार मंदावल्यावर. सायंकाळचे तिरपे ऊन छऱ्याच्या चकचकीत शिशावर खालून-बाजूने पडते आणि छाया फिकी होते. छऱ्याची खालची बाजू काळ्या शाईने रंगविणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

बंदिस्त सभागृहात अडचणीचे स्वरूप निराळे असते. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदास शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्यास तो स्थिर वाटतो, पण यंत्रास ती प्रत्येक घट छऱ्यासारखीच भासू शकते. अशा घटीमुळे घड्याळ एका मिलिसेकंदातच थांबले, तर वेग ३०० मीटर असा उमटेल. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ०.५३ ग्रॅम छऱ्याची ऊर्जा ७.७ जूल असताना ती सुमारे २४ जूल भरेल. २०१६ च्या शस्त्र नियमांत हवाई बंदुकीच्या परवान्यासंबंधी नळीच्या व्यासाबरोबरच २० जूल ही मर्यादा घातलेली आहे, हे लक्षात घेता अशा आकड्याचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. बॅटरीवर चालणारा स्थिर दिवा किंवा स्वतःचा अवरक्त प्रकाश असलेले बंद पेटीचे यंत्र वापरले, म्हणजे हा दोष टळतो.

दोष रायफलीचा की प्रकाशाचा, हे ठरविण्याची रीत साधी आहे. मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रात, एकाच डब्यातील छऱ्यांनी, दहा नेम एकसारख्या सावलीत आणि दहा उन्हात घ्यावे. छरा दोन्ही संवेदकांवरून सारख्याच उंचीने जाऊ द्यावा. आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ, आकाश व दिवे यांची नोंद करावी. प्रकाश बदलताच आकडा बदलला, तर रायफलीस हात लावू नये.

आता आरंभीच्या शंकेविषयी. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्शव्यंजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या अकरांत मराठीही होती. स्पर्शाचा स्फोट आणि घोषाचा आरंभ यांमधील काळ मोजणे हा त्या अभ्यासाचा गाभा होता. ‘पळ’ आणि ‘फळ’ यांच्या आरंभीच्या व्यंजनांतील फरक आपण असाच मिलिसेकंदांत मांडतो. तेथेही घोष नेमका कोठे सुरू झाला, हे एका उंबरठ्यावरूनच ठरते. आणि ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर मिसळली की तो उंबरठा सरकतो. यंत्राने दिलेला काळ हा पुरावा खरा. परंतु तो कोणत्या परिस्थितीत मिळाला याची नोंद नसेल, तर तो अर्धाच पुरावा होय. नेमबाजास जे आकाश, तेच आपणास ध्वनिमुद्रणाची खोली. प्रबंधात आकड्यांचे कोष्टक देताना तिचे वर्णनही द्यावे, एवढेच सुचवावयाचे आहे.