वचन पाठ आहे, पण शहाणपण आहे का?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले 'अं... म्हणजे' काढून टाकलेत.

आधी माझीच फजिती सांगतो. मी मनमाडचा. संडे स्कूलमध्ये वचन पाठांतराचं बक्षीस दरवर्षी आमच्याच घरी यायचं. पुढे बीटेक केलं, सॉफ्टवेअरमध्ये लागलो. आता फोनमध्ये बायबलची तीन ॲप्स आहेत, कुठलाही संदर्भ पाच सेकंदांत काढून देतो.

गेल्या वर्षी माझ्या मामेभावाचा रात्री फोन आला. भरतीच्या परीक्षेत तो तिसऱ्यांदा थोडक्यात राहिला होता. मी काय केलं? चार वचनं पाठवली. पुढच्या परीक्षेचं वेळापत्रक एक्सेलमध्ये करून दिलं. वर ११ मिनिटांची व्हॉइस नोट! त्याचं उत्तर आलं, "हो दादा, बरोबर आहे." त्यानंतर दोन महिने त्याने माझा फोन उचलला नाही.

त्याला खोलीबाहेर काढलं ते आमच्या आजीने. शिक्षण चौथी. मोठ्या अक्षरांचं बायबल ओळीवर बोट ठेवून वाचते. तिने दार वाजवलं आणि म्हणाली, "ऊठ रे, नळ आलाय, पिंप भरू लाग." मनमाडमध्ये नळ येणं म्हणजे काय, ते मनमाडकरांना सांगायला नको. पाणी भरून झाल्यावर तिने त्याला चहा दिला आणि शेजारी बसून राहिली. तेव्हा तो बोलला. त्याला ती परीक्षा पुन्हा द्यायचीच नव्हती, पण मामांना सांगायची हिंमत होत नव्हती.

म्हणजे त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला ११ मिनिटं दिलं होतं. वचनं खरी होती, पण माझा कान बंद होता.

एकच शब्द, दोन अर्थ

इथे आपल्या मराठी वाचकाची एक अडचण आहे. याकोब म्हणतो, ज्याला ज्ञान कमी पडतं त्याने ते देवाजवळ मागावं (याकोब १:५). आणि पौल म्हणतो, ज्ञानाने माणूस फुगतो (१ करिंथ ८:१). मग मागायचं की नाही?

मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. याकोबाचा शब्द 'सोफिया', म्हणजे शहाणपण. पौलाचा शब्द 'ग्नोसिस', म्हणजे माहिती असणं. प्रचलित मराठी भाषांतरात दोन्हीकडे 'ज्ञान' येतं, म्हणून गोंधळ होतो. हिब्रूत शहाणपणाला 'होखमा' म्हणतात. गंमत म्हणजे निवासमंडप उभारणाऱ्या बसालेल कारागिराच्या हातातल्या कसबालाही तोच शब्द आहे (निर्गम ३१). म्हणजे हे शहाणपण डोक्यात साठवायचं नसतं, हातून उतरायचं असतं.

शलमोनाने देवाकडे काय मागितलं, तेही बघा (१ राजे ३). हिब्रूचा शब्दशः अर्थ घेतला तर त्याने 'ऐकणारं हृदय' मागितलं. आणि पुढे अकराव्या अध्यायात त्याचं ते हृदयच भरकटलं. माहिती कमी झाली म्हणून नव्हे. ऐकणं थांबलं म्हणून.

पंडिता रमाबाईंची गोष्ट

मनमाडहून नगरमार्गे दौंडला गाडी जाते. दौंडहून पुण्याच्या दिशेने थोडं पुढे गेलं की केडगाव लागतं. नगरजवळचं केडगाव नव्हे हं, मुक्ती मिशनचं केडगाव. ते उभं करणाऱ्या रमाबाईंकडे माहितीची कमी नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरात संस्कृत शिकलेल्या. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, तेव्हा वय अवघं वीस. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि तरीही पुढे आपल्या साक्षीत त्यांनी कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायचा राहिला. एवढी विदुषी बाई असं लिहिते! आपण एक क्विझ जिंकली की स्टेटस ठेवतो.

त्यानंतरची त्यांची कामं बघा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-विधवांना घेऊन आल्या. उपास काय असतो हे त्यांना माहीत होतं. त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत राहिल्या. कशासाठी? कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम संपलं होतं.

म्हणजे ज्ञान टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. रमाबाईंनी तर ते आणखी वाढवलं. फक्त ते कोणासाठी वापरायचं, हे बदललं.

मग ओळखायचं कसं?

याकोब ३:१७ मध्ये वरून येणाऱ्या शहाणपणाच्या खुणा दिल्यात: शुद्ध, शांत, सौम्य, समजून घेणारं, दयेने भरलेलं, ढोंग नसलेलं. त्यात 'किती वचनं पाठ' हे कुठेच नाही. मी त्यावरून स्वतःसाठी तीन प्रश्न काढलेत. मेसेज पाठवायच्या आधी विचारतो:

१. समोरच्याचं पूर्ण ऐकलं का?
२. हे त्याच्या उपयोगाचं आहे, की मला हुशार दिसायचंय?
३. याबद्दल देवाला विचारलं का, की थेट टाइप करायला लागलो?

तिसऱ्यात मी अजूनही नापास होतो.

मामेभावाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "दादा, आता फक्त ऐक." ऐकलं. चाळीस मिनिटं. दोनदा वचन तोंडावर आलं होतं, गिळलं. मामांना सांगायला तो आजीला सोबत घेऊन गेला, मला नाही. बरोबरच केलं.

या आठवड्यात एक करा. ज्याला तुम्ही फक्त वचन फॉरवर्ड केलं होतं, त्याला फोन लावा आणि विचारा, "कसा आहेस?" मग गप्प बसा. भेटूया पुढच्या भागात. सलाम!